आबांची बसायची जागा

मी एक जुने बाभळीचे स्टूल आहे. तळेगावजवळच्या इंदुरी गावात चढावर अनिताताईंची पिठाची गिरणी आहे, तिच्या दाराशी माझा मुक्काम असतो. बैलगाडीच्या उरलेल्या लाकडातून सुताराने मला घडवले. दिसायला मी ओबडधोबड आहे खरे, पण मित्रांनो, आजवर मी कुणाला पाडलेले नाही.

माझ्यावर रोज अंबाजी आबा बसत. डबाभर ज्वारी आणायची आणि तासभर टेकायचे, हा त्यांचा नेम. पीठ बोटांत चोळून ते जाड की बारीक ते सांगत आणि अनिताताई लगेच तशी चक्की घट्ट-सैल करत. आलेल्या बायकाही आबांना विचारूनच डबे उचलत. हा मान थोडा माझाही आहे, असे मला उगीचच वाटे.

पुढे अनिताताईंनी मोबाइलवर गिरणीचा ग्रुप काढला. सोय झाली, हे मी नाकारत नाही. गुरुवारी वीज गेली की लोकांचे हेलपाटे वाचू लागले. मग ताई रोज दळणाचा व्हिडिओ टाकू लागल्या. तळेगावच्या सोसायट्यांतून नाचणीच्या पिठाला मागणी आली. मोबाइल नीट उभा राहावा म्हणून त्यांनी तो माझ्यावर ठेवला. मी फुशारून गेले!

त्या दिवशी आबा आले आणि बाजूला उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही उभेच. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते भिंतीला टेकत. तिसऱ्या दिवसापासून त्यांचे दळण शेजारणीच्या हाती येऊ लागले. मोबाइलचे वजन ते किती! मला माणसाची सवय. महिनोन्‌महिने माझे लक्ष दाराकडे लागलेले असे.

एकदा ग्रुपवर तक्रारी आल्या, भाकरी तुटते म्हणून. त्यातच आबांच्या आवाजातला निरोप वाजला.

"पीठ जाड येतंय, पोरी. मी आलो असतो सांगाया, पन माज्या जागंवर तुजा फोन बसतोय."

अनिताताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाइल उचलला, मला पदराने पुसले आणि माझा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, आबा, जागा रिकामी आहे, या. तासाभरात पन्नास अंगठे आले. सगळ्यांत शेवटी मोबाइलवर पुन्हा आबांचा निरोप वाजला.

"बघितलं गं. पन आता मला चढ चढवत न्हाई."

आता मोबाइल पिठाच्या डब्याला टेकून उभा असतो. माझ्यावर कुणीच बसत नाही. मित्रांनो, नेहमी बसणारे माणूस तुमच्या दारात उभे दिसले, तर तिथले सामान त्याच घडीला उचला. मला बोलता आले असते, तर पहिल्याच दिवशी म्हटले असते, आबा, बसा.