जावईबापूंचा मदरबोर्ड

जावईबापूंना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं त्यांच्या सासरी ठरून गेलं होतं. त्यांचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं आणि त्या घराला एवढा पुरावा पुरत होता.

धाकट्या मेहुणीला सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवायचा होता. एका व्हिडिओ एडिटिंगच्या कंपनीने तिला चाचणी म्हणून एक माहितीपट दिला होता. तो सोमवारपर्यंत कापून-जोडून पाठवला आणि पसंत पडला, तर नोकरी. आईने बाजूला काढलेल्या पैशांत भर पडणार नव्हती. म्हणून धाकटीने मदरबोर्ड साधा आणि मेमरी भरपूर, असा हिशेब मांडला होता.

"साधा?" जावईबापू हसले. "अगं, मदरबोर्ड म्हणजे पाया. पायात कंजूषी करतं का कोणी?"

"भावोजी, हा प्रोसेसर दोन्ही बोर्डांवर सारखाच चालतो."

"महागड्यावर त्याचा वेग वाढवता येतो."

"याचा नाही वाढवता येत. तो त्या जातीचा नाहीच."

"आई, हिला समजवा जरा."

आईने समजावलं. म्हणजे तिला स्वयंपाकघरात नेऊन, "त्यांचा मान राहू दे, ताईला तिथे नांदायचंय," एवढं सांगितलं. प्रोसेसरच्या जातीचा प्रश्न तिथे निकालात निघाला.

महागडा बोर्ड आला. त्यावर धातूचे जाड ठोकळे होते, कडेने रंग बदलणारे दिवे होते. दिवे दिसायला हवेत म्हणून काचेचा कॅबिनेट आला. उरलेल्या पैशांत मेमरीची एकच पट्टी बसली आणि बाकीचे स्लॉट मोकळे राहिले. जावईबापूंनी त्या मोकळ्या जागेचंही कौतुक केलं. "पुढे वाढवायला केवढा वाव आहे बघ!"

माहितीपट उघडला, थोडा पुढे सरकला आणि थिजला. दिवे मात्र निळ्याचे जांभळे होत राहिले.

शनिवारी धाकटीने बोर्ड उचकटला, खोक्यात घातला आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने खोकं ओळखलं. "परत? हा नेणारे पुष्कळ आहेत ताई. याची गरज असलेला अजून भेटायचाय."

"मग विकलात कशाला?"

"तुमच्या भावोजींनी मागितला. मी दुकान चालवतो, शिकवणी नाही."

बोर्ड मात्र त्याने बदलून दिला. साधा बोर्ड बसला, वाचलेल्या पैशांत मेमरी भरली, माहितीपट पळू लागला. कॅबिनेटमध्ये मात्र अंधार झाला आणि आईचा चेहरा पडला. "त्यांना कळलं तर गं?"

"कळलं तर दिव्यांवरूनच कळेल," धाकटी म्हणाली आणि शोभेच्या दिव्यांची एक स्वस्त पट्टी आतून चिकटवून मोकळी झाली.

सोमवारी काम कंपनीकडे गेलं. आठवडाभरात नोकरीचं पत्र आलं.

अभिनंदनाला जमलेल्या मंडळींसमोर जावईबापूंनी काचेवर टिचकी मारली. "मी म्हटलं नव्हतं? शेवटी पायाच कामाला आला." आत रंग बदलत होते. त्यांनी निरखून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. आईने श्वास सोडला.

शेजारच्या काकांनाही कॉम्प्युटर घ्यायचा होता. ते खुर्ची ओढून जावईबापूंच्या जवळ सरकले.

"काका, मी सांगू का तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

"तू कशाला त्रास घेतेस?" काका मायेने म्हणाले. "तुला आता नोकरी आहे. जावईबापू आहेत की!"