मांडीवरची सासूबाई

माझ्या दोन्ही गुडघ्यांची शपथ, आणि या वयात गुडघे मला सोन्याहून प्यारे आहेत, यातला शब्द न शब्द खरा आहे. आमच्या इतुर्गोरी गावात कुणालाही विचारा.

जत्रेचा दिवस. गाराझी चौकात उभी होती. समोर गादीवर गावाचा दगड, शंभर किलोचा, काळा, खरबरीत. त्याला सगळे सासूबाई म्हणत, कारण एकदा मांडीवर बसली की उठायचं नाव घेत नसे. रिवाज असा, की जत्रेला गावातल्या कुणी तो खांद्यावर घेतला नाही, तर दगड डोंगरापलीकडच्या अर्त्झुरीकरांचा. गाराझीच्या आजोबांनी तो जन्मभर राखला. आजोबा गेले, तरणी पोरं शहरात गेली, उरली ही एकटी. अर्त्झुरीकर बैलगाडीच घेऊन आले होते, वर गाडीत गवतही अंथरलेलं, सासूबाईंना धक्के लागू नयेत म्हणून.

एनेको मामा तिच्या कमरेला आधाराचा लोकरीचा लांब पट्टा बांधत होता. एक टोक त्याच्या हातात, आणि ती गिरक्या घेत पट्ट्यात शिरत होती. मागच्या वर्षी मामानंच दगड खांद्यावर घेतला, पण त्याची पाठ धरली, तेव्हापासून त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. पोरीचं तसं होऊ नये म्हणून तो पट्टा खाली खाली घेत, आवळत गेला. भीतीपायी तिलाही कळलं नाही.

पंचांनी खूण केली. ती वाकली, दगड मांड्यांवर घेतला, टाचा रोवल्या. आजोबा म्हणायचे, हात म्हणजे नुसते अडकवायचे आकडे, ताकद असते खुब्यात. टाचांनी जमीन ढकल, खुबे पुढे झटक, दगड आपोआप चढतो. तिनं झटका दिला. खुबे जागचे हललेच नाहीत. दगड धप्पकन गादीवर.

एक अर्त्झुरीकर आपल्या बैलांना म्हणाला, उठा रे बाबांनो, निघायचंय.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तू माझी कंबर नाही बांधलीस. खुबे बांधलेस."

मामाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. पंचांची खूण झाल्यावर पट्ट्याला हात लावला की डाव संपला, हाही रिवाजच. आणि आता एकच संधी उरली होती.

"जाऊ दे तो दगड, पोरी. तुझी पाठ गेली तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"तुझं तोंड तिनं लहानपणापासून बघितलंय. सरक बाजूला."

पुन्हा सासूबाई मांडीवर. या वेळी गाराझीनं झटका दिलाच नाही. ती आणखी खाली बसली आणि दगड पोटाशी कवटाळून तसाच वर ओढायला लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आता सुटतो, आता सुटतो असं तिला वाटत होतं. पण खरबरीत दगड लोकरीत रुतला, आणि त्याच्याबरोबर पट्टाही सरकत निघाला, खुब्यांवरून कमरेवर. हात कुणाचाच लागला नाही. जांघेत मोकळं वाटलं तशी तिनं टाचा अशा दाबल्या की चौकातली फरशी तडकली, खुबे पुढे गेले, आणि सासूबाई थेट खांद्यावर.

मामा मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. अर्त्झुरीकरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग रिकामी गाडी वळवली. बैलांनी वाटेत विसाव्याला सगळं गवत खाल्लं.

आता गुडघ्यांची शपथ घेतलीय, म्हणून सांगते. फरशी खरंच तडकली, जाऊन बघा. टाळ्या तेवढ्या मी घातल्या. अर्त्झुरीकर कुणासाठी टाळ्या वाजवतात होय?