एक यार्ड अलीकडे

ब्रोडी लिंडक्विस्टचं कौतुक शत्रूनेसुद्धा करावं असाच तो पोरगा होता. पन्नास यार्डांवरून बॉल फेकावा तो पळणाऱ्याच्या बरोबर ओंजळीत! सामन्याला पंचेचाळीस गुण म्हणजे त्याच्या टीमचा रोजचा रतीब. अशा क्वार्टरबॅकशी, म्हणजे बॉल फेकणाऱ्या म्होरक्याशी, शालेय अमेरिकन फुटबॉलच्या नेब्रास्का राज्य फायनलमध्ये गाठ पडली म्हटल्यावर डॉर्चेक गावाच्या तोंडचं पाणीच पळालं.

कोच हार्लन व्हॉस मात्र शांत. "ज्याच्या हातात बॉलच नाही, तो फेकणार काय, कपाळ?" ते म्हणाले. "आपण बॉल सोडायचाच नाही. तीन-तीन यार्ड रेटायचं, घड्याळ पळू द्यायचं. बॉल त्याच्याकडे गेलाच, तर आठ जण मागे थांबा. लहान घास खाऊ द्या त्याला, ताट हिसकावू देऊ नका."

आणि बॉल रेटायला त्यांनी निवडला लेलंड कुचेरा.

लेलंड म्हणजे बैल. चार वर्षं त्याचं काम एकच: पुढे घुसायचं, समोरच्याला आडवं करायचं आणि मागून येणाऱ्याला वाट करून द्यायची. बॉल गोलरेषेच्या आत नेऊन टचडाउन करणारे दुसरेच, ढोपरं याची फुटलेली. गावातल्या न्हाव्याच्या दुकानात भिंतभर नावं रंगवलेली आहेत, शाळेसाठी टचडाउन केलेल्या प्रत्येकाची. लेलंडच्या आजोबांचं आहे, वडिलांचं आहे, त्या हडकुळ्या चुलतभावाचंसुद्धा आहे! लेलंडचं नाही. आणि हा त्याचा शेवटचा सामना.

सकाळी त्याचा बाप मिलो एवढंच म्हणाला होता, "एकदा तरी आत जा रे बाबा."

दुपारभर लेलंडने मुसंड्या मारल्या. तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन. दोन खेळ्यांच्या मध्ये चाळीस सेकंद मिळतात, त्यातला शेवटचा सेकंद उरेपर्यंत बॉल उचलायचाच नाही. विरोधी गावाचे लोक खवळले. "अरे, फुटबॉल खेळताय की अंडी उबवताय?" खोटं कशाला बोला, बघायला कंटाळवाणंच होतं ते. पण ब्रोडी बाकावर बसून होता, हेल्मेट मांडीवर घेऊन. बॉल मिळाला तेव्हा पठ्ठ्याने दोनदा असे काही फेकले की डॉर्चेकच्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. पण मिळालाच किती वेळा!

चौदा-तेरा. डॉर्चेक एका गुणाने पुढे. दीड मिनिट बाकी, बॉल लेलंडच्या टीमकडे, गोलरेषा वीस यार्डांवर. समोरच्यांचे टाइमआउट संपलेले, म्हणजे घड्याळ थांबवायची सोय नाही. अजून पाच यार्ड मिळाले की पुढच्या चार खेळ्या बॉल आपलाच, मग बसून घड्याळ संपवायचं, खलास.

लेलंडने बॉल पोटाशी धरला, मान खाली घातली आणि धडक द्यायला घुसला. धडक बसलीच नाही! समोरचे बाजूला झाले. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापुढे कुणीच नव्हतं, नुसतं हिरवं गवत. प्रेक्षक उभे राहिले. मिलोचा आवाज सगळ्यांच्या वर: "पळ लेलंड! पळ रे माझ्या राजा!"

तो पळाला. पंधरा, दहा. आणि तेवढ्यात त्याला बाकाकडून दुसरा आवाज ऐकू आला. ब्रोडी ओरडत होता, "जाऊ द्या त्याला! हात लावू नका!"

आई गं! लेलंडच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आत गेलो की आपण आठ गुणांनी पुढे, पण टचडाउननंतर बॉल त्यांचा. आणि दीड मिनिट ब्रोडीच्या हातात. ब्रोडीला दीड मिनिट म्हणजे आठ गुणांची बरोबरी करायला रग्गड.

पाच. तीन. दोन.

लेलंड गुडघ्यांवर बसला, बॉल छातीखाली घेतला आणि पालथा पडला. रेषा हाताच्या अंतरावर होती.

मग मिलो किंचाळला, "अरे ऊठ! ऊठ ना गाढवा! काय झालं तुला?" कोच व्हॉसना कळलं होतं. त्या माणसाने एकतीस वर्षांत पोरांसमोर टोपी काढली नव्हती, ती आज काढली.

मग डॉर्चेकने पुढे न पळता, बॉल हातात धरून तीनदा नुसता गुडघा टेकला आणि घड्याळ संपलं. पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. लेलंड तिथेच उभा होता, त्या रेषेकडे बघत. पायऱ्यांवर मिलोला कुणीतरी हिशेब समजावून सांगितला, तसा तो मटकन खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं.

ब्रोडी मैदान ओलांडून लेलंडकडे आला. डोळे लाल. हात पुढे करून म्हणाला, "तू आत जावंस म्हणून देवाचा धावा करत होतो रे मी. मी असतो ना, तर गेलो असतो."

"मलाही जायचं होतं," लेलंड म्हणाला, आणि मग मात्र त्या बैलाला रडू आवरेना.