नववे पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. मला वाचायला कोणी येत नाही, लोक मला पाठ करूनच येतात.

आगगाडीचा चालक व्हायचे तर आधी लेखी परीक्षा, मग दिवा लागताच बटण दाबायची चाचणी आणि त्यानंतर डॉक्टरांच्या खोलीत मी. माझ्या चोवीस पानांवर रंगीत ठिपके आहेत. चांगल्या डोळ्यांना त्या ठिपक्यांत एक आकडा दिसतो. ज्याला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, त्याला नुसते ठिपके दिसतात. असा माणूस सिग्नल काय ओळखणार? म्हणून माझ्यापुढे पास झाल्याशिवाय इंजिनाची पायरीही चढता येत नाही. नवी असताना मी काळ्या कापडी पिशवीत राहायचे. मला हात लावण्याआधी लोक हात धुवायचे.

पुढे सगळेच आळसावले. माझी पिशवी कंपाउंडरने जेवणाच्या डब्यासाठी पळवली. मी खिडकीत पडून राहू लागले, तीही उघडी, बहुतेक वेळा नवव्याच पानावर, कारण तिथली शिवण सैल झाली होती. दुपारचे ऊन थेट अंगावर यायचे.

आणि उमेदवारांचे काय सांगू! फाटकाबाहेरच्या चहाच्या दुकानात माझे आकडे ओळीने घोकून घेतले जात. त्यांना पोपट म्हणणे हा पोपटाचा अपमान आहे. एक पहिलवान तर मला उघडायच्या आधीच "चौऱ्याहत्तर" म्हणून मोकळा झाला. डॉक्टरांनी मान डोलावली, कारण त्यांनाही मी पाठ होते. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकदा धड बघितले नव्हते. मला दोघांचीही किळस आली.

त्याच सकाळी, पहिलवानासह चौघे पास झाल्यावर, कपडे शिवणाऱ्या एका बाईंची मुलगी आत आली. लेखी परीक्षेत ती पहिली होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच संधी होती. आठ पाने तिने धडाधड वाचली आणि नवव्यावर अडली.

"इथे काही दिसत नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. नुसते ठिपके आहेत."

"तुझ्या आधी चौघांनी वाचलं ना! नापास. पुढच्याला पाठवा."

मित्रांनो, खरे सांगते. खोटी ती नव्हती, मी होते. नवव्या पानाचा लाल रंग उन्हाने कधीच उडवला होता.

मुलगी खुर्चीवरून उठली नाही. "डॉक्टर, आईच्या कापडाला दोरा मी जुळवते. एका डब्यातले सात लाल मी वेगळे काढते. हे पान तुम्हीच वाचा बरं."

"सदतीस," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले.

"पानाकडे बघून वाचा ना."

डॉक्टरांनी वैतागून चष्मा लावला. मला जवळ धरले, लांब धरले, उजेडात नेले. मग कंपाउंडरला हाक मारली. त्यालाही काही दिसेना. डॉक्टरांनी मला मिटले आणि नवी वही मागवली.

आठवड्याने वेगळ्या आकड्यांची वही आली आणि पाचही जणांना परत बोलावले. मुलीने सगळी पाने वाचली. पहिलवान मात्र छाती पुढे काढून नव्या वहीपुढे माझेच जुने आकडे म्हणत राहिला, थेट चोविसाव्या पानापर्यंत. त्याला कोणी थांबवलेसुद्धा नाही, शेवटी नापासचा शिक्का तेवढा मारला.

मला डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले. चालकांचे डोळे दर काही वर्षांनी तपासतात, तेव्हा ती मुलगी पुन्हा आली. आता ती मालगाडीवर सहायक चालक होती, बुटांना ग्रीस लागलेले. तिने वाकून मला ओढून काढले, धूळ पुसली आणि नववे पान उघडले.

"अजूनही दिसत नाही," ती म्हणाली आणि हसली. टेबल कलले आणि डॉक्टरांचा चहा सांडला. मला फार बरे वाटले.

तेव्हा मित्रांनो, ज्या वस्तूवर कोणाचे नशीब ठरते तिला उन्हात टाकू नका. आणि इंजिनात बसायचे असेल, तर जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणायला शिका. तुमच्या मागे हजार माणसे निर्धास्त बसलेली असतील, आणि पुढच्या सिग्नलचा रंग कोणत्याही चहाच्या दुकानात पाठ करून मिळत नाही.