हॅरिसवरचा रविवार

गोल्फ खेळण्यापेक्षा गोल्फला कुठे जायचं हे ठरवण्यातच या चौघांचा जीव जास्त रमायचा. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं म्हणा. ठरवताना चेंडू कधी समुद्रात जात नाही, गुडघा कुरकुरत नाही आणि पाऊस आडवा येत नाही. दर फेब्रुवारीत वाऱ्याने स्कॉटलंडचा पूर्वेकडचा फाइफ किनारा झोडपायला सुरुवात केली, की आर्डनेसच्या क्लबात खिडकीजवळचं मोठं टेबल अडवून हे म्हातारे नकाशा पसरायचे आणि मे महिन्यातल्या एका आठवड्याची स्वप्नं बघायचे.

नियम एकच होता. ज्याची पाळी, त्याने बेत मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याची पिसं काढायची.

यंदा पाळी नॉर्मनची होती. नॉर्मन मॅकअॅस्किल तसा मूळचा इथला नव्हे, पश्चिमेकडच्या हॅरिस बेटावरचा. पण आर्डनेसच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली, बायको इथली केली, आणि बेटाबद्दल तो कधी चकार शब्द काढायचा नाही. त्यामुळे त्याने नकाशावर बोट ठेवून वर सरकवत नेलं आणि ते थेट हॅरिसवर टेकवलं, तेव्हा तिघांनी एकदम मान वर केली.

"नेर्न, मग डॉर्नॉक, मग ब्रोरा," नॉर्मन म्हणाला. "तिथून आडवं अलापूलच्या बंदरात जायचं. शुक्रवारची बोट. शनिवारी हॅरिसला खेळायचं, सोमवारी परत."

"ब्रोरा नको रे बाबा!" वॅटी ओरडला. वॅटीने जन्मभर लोकांचे गळके नळ बंद केले, स्वतःच्या तोंडाचा तेवढा राहून गेला. "गाईमेंढरं शिरू नयेत म्हणून हिरवळीला विजेची तार लावतात तिथे. मागच्या खेपेला माझी तंगडी लागली होती तिला, आठवतंय ना?"

"आठवतंय," टॅम म्हणाला. "त्या दिवशी तू सगळ्यात चांगला खेळलास." टॅम मासेमारी बोटीचा जुना तांडेल. दिवसाकाठी तो दोनचार वाक्यंच बोलायचा, पण ती अशी.

हसणं ओसरलं तसा क्रॉफर्डने चष्मा पुसला. क्रॉफर्डने शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावरही ते थांबवलं नाही. आपलं बोट नकाशावर ठेवून तो म्हणाला, "शनिवारी खेळायचं, ठीक. सोमवारी बोट, तेही ठीक. मधे रविवारी काय करायचं?"

नॉर्मन नकाशाची घडी बोटाने सारखी करत राहिला.

"रविवार देवाचा, म्हणून हॅरिसला त्या दिवशी गोल्फ नसतो," क्रॉफर्ड एकेक बोट मिटत गेला. "दुकान नसतं, बार नसतो, बोट नसते. बागेतल्या झोपाळ्यांनासुद्धा साखळी घालतात. हे मला ठाऊक आणि तुला नाही? तू तिथे जन्मलास ना रे?"

"अगं आई गं!" वॅटीने कपाळावर हात मारला. "अख्ख्या स्कॉटलंडमध्ये ज्या एका ठिकाणी रविवारी चेंडूला हात लावत नाहीत, तिथे हा शहाणा आपल्याला रविवार काढायला नेतोय! घरच्याच वाटेवर चकवा लागला म्हणायचा."

"विसरलो असेन," नॉर्मन म्हणाला.

विसरला कसला! तो रविवार हाच तर त्याचा सगळा बेत होता. नेर्न, डॉर्नॉक आणि ब्रोरा ही नुसती सजावट होती.

गोष्ट जुनी आहे. नॉर्मन एकदा उन्हाळ्यात सुटीला बेटावर गेला होता. आठवडाभर पावसाने डोकं वर काढू दिलं नाही आणि रविवारी असं लख्ख ऊन पडलं, की किनाऱ्यावरचा गवताळ पट्टा फुलांनी पिवळा झाला. नॉर्मनला राहवलं नाही. काठी आणि एक चेंडू घेऊन तो बाहेर पडला. तिसऱ्या फटक्याला चर्च सुटलं. काळे कपडे घातलेली सगळी मंडळी रस्त्यावर थबकून बघत राहिली आणि त्यांच्यात पुढेच त्याचे वडील होते. मग त्याचा थोरला भाऊ मर्डो तेवढा गवतातून चालत आला, वाकून त्याने चेंडू उचलला, कोटाच्या खिशात टाकला आणि एक अक्षर न बोलता परत गेला. त्या हिवाळ्यात वडील गेले. मर्डोने पत्रातून तेवढं कळवलं आणि त्यानंतर दोघा भावांत शब्द म्हणून गेला नाही. मर्डोला वाटे नॉर्मनने माफी मागावी, नॉर्मनला वाटे मर्डोने चेंडू द्यावा. मॅकअॅस्किलांची जातच तशी, मोडतील पण वाकायचे नाहीत.

पण जानेवारीत नॉर्मनने बेटावर फोन केला होता, खेळायची वेळ मागायला. तिथे पोस्ट सांभाळणारी कर्स्टी-अॅनच कोर्सच्या वेळाही देते. वेळ देता देता ती सहज म्हणाली, "पेगी गेली हे कळलंच असेल तुला. मर्डो आता एकटाच असतो रे." पेगी म्हणजे मर्डोची बायको. नॉर्मनला काही कळलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला होता.

मर्डोच्या दारात जाऊन उभं राहण्याची त्याची छाती नव्हती. दार उघडून काय बोलणार? पण रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायला पुढे मर्डोच उभा राहतो. पेटी नाही, बाजा नाही. तो एकेक ओळ आपल्या आवाजात देतो आणि सगळी मंडळी ती ओळ त्याच्या पाठोपाठ उचलून घेतात, समुद्राच्या लाटेसारखी. नॉर्मनने एवढंच योजलं होतं, की आपण मागच्या बाकावर जाऊन बसायचं. मर्डो ओळ देईल, आपण घेऊ. बोलायचं कामच पडणार नाही. आणि देवाच्या घरातून तो कुणाला उठवू तर शकत नाही.

हे आता या तिघांना कसं सांगायचं? तीस वर्षं ज्यांच्याबरोबर खेळला त्यांना आपल्याला भाऊ आहे हेसुद्धा त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"सोपं आहे," क्रॉफर्ड म्हणाला. "बेत उलटा करू. आधी हॅरिस, मंगळवार-बुधवार. मग येताना ब्रोरा, डॉर्नॉक, आणि रविवारी नेर्नला. एकही दिवस फुकट जात नाही."

"वा गुरुजी!" वॅटीने टेबलावर थाप मारली.

नॉर्मनने खूप धडपड केली बिचाऱ्याने. आठवड्याच्या मधे तिकडे वारा वाईट असतो म्हणाला. वॅटी म्हणाला, वाऱ्याला काय वार कळतात? मग एक दिवस विश्रांती बरी, आपलं वय झालं म्हणाला. टॅम म्हणाला, "तुझं." शेवटी नॉर्मनने हात टेकले. "बरं," तो म्हणाला, "उलटा तर उलटा." आणि मंडळींनी पुढचा चहा मागवला.

घरी येताना तो मुद्दाम कोर्सवरून, समुद्राच्या कडेकडेने आला. वारा तोंडावर वाळू मारत होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने वाळूच्या नावावर खपवलं.

त्याची बायको एल्सपेथ स्वयंपाकघरात मटणाचं सूप ढवळत होती. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"काय झालं? नाही म्हणाले?"

"रविवार काढून टाकला."

"तू सांगितलंस का त्यांना कशासाठी हवा होता?"

"काय सांगायचं त्यात?"

"काय सांगायचं?" एल्सपेथने डाव खाली ठेवला. "माझा एक भाऊ आहे, त्याची बायको गेली, मला त्याला भेटायचंय. एवढंच! जीभ झडणार होती का तुझी? तिकडे तो तोंड शिवून बसलाय, इकडे तू. आणि चेंडू कुणाचा, म्हणे माझा. धन्य आहात बाबा!"

"उद्या कर्स्टी-अॅनला फोन करून वेळ बदलतो," नॉर्मन म्हणाला.

"बदल. आणि मग जन्मभर कुढत बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोन केला नाही. आधी कुंपण नीट केलं. मग काठ्या पुसल्या, त्या आधीच स्वच्छ होत्या. दुपारचं जेवण झाल्यावर मात्र कारण उरलं नाही, म्हणून तो हॉलमध्ये फोनपाशी जाऊन उभा राहिला. हात पुढे केला आणि फोनच वाजला.

"टॉर्मोड?"

नॉर्मनने फोन दुसऱ्या कानाला लावला. आर्डनेसमध्ये त्याला या नावाने कुणी ओळखत नव्हतं. नॉर्मनला बेटावरच्या भाषेत टॉर्मोड म्हणतात, आणि त्याला तसं म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं.

"हो," तो म्हणाला. "मी बोलतोय."

"कर्स्टी-अॅनच्या इथे तुझं नाव पाहिलं." मर्डोचा आवाज म्हातारा झाला होता, पण ओळ द्यावी तसाच एकेक शब्द सुटा सुटा येत होता. "तुम्ही शुक्रवारी येताय आणि सोमवारी जाताय."

"हो."

"म्हणजे रविवारी इथेच आहात."

नॉर्मनने भिंतीला हात टेकला. नकाशा, क्रॉफर्डचं बोट, उलटा झालेला बेत, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. स्वयंपाकघराच्या दारात एल्सपेथ येऊन उभी राहिली होती.

"हो," तो म्हणाला. "रविवारी तिथेच आहोत."

"चर्चनंतर जेवायला लागेल तुम्हाला. त्या दिवशी कुठे काही उघडं नसतं."

"नसतं."

"तुला माहीत आहे, रविवारी आपल्याकडे सुरीला हात लावत नाहीत. बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवावे लागतात." मर्डो थांबला. पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, त्यांच्या आईच्या घड्याळाची. "पेगी असताना ती बघायची हे. मला अंदाज येत नाही. किती जणांचे सोलू?"

नॉर्मनने बोटांवर मोजलं.

"चौघांचे," तो म्हणाला.

"आणि मी पाचवा," मर्डो म्हणाला. "बरं." आणि फोन ठेवला. एवढ्या वर्षांनी बोलला आणि निरोपाचा शब्द नाही! पण मर्डो तो मर्डोच.

एल्सपेथने हातातल्या फडक्यानेच डोळे पुसले. "आता त्या तिघांना कोण सांगणार?" ती म्हणाली.

नॉर्मनने वॅटीला फोन लावला. उगाच पाल्हाळ लावलं नाही.

"वॅटी, पहिलाच बेत. शुक्रवारी जायचं, सोमवारी यायचं."

"अरे पण रविवारचं काय? पुन्हा विसरलास का?"

"विसरलो नव्हतो रे. काल खोटं बोललो. रविवारी सकाळी मला चर्चमध्ये जायचंय. तुम्ही यायलाच हवं असं नाही, पण जेवायला यावं लागेल. माझ्या भावाकडे."

"भाऊ?" वॅटी म्हणाला. "तुला भाऊ आहे?"

"आहे. मर्डो. आमचं बोलणं नव्हतं. त्याची बायको गेली आणि मला कळलंसुद्धा नाही." आणि मग नॉर्मनने सगळं सांगितलं. ऊन, चेंडू, वडील आणि कोटाचा खिसा. सांगताना त्याचा आवाज दोन ठिकाणी फुटला आणि त्याने तो फुटू दिला. "आत्ता त्याचा फोन आला होता. किती जणांचे बटाटे सोलू, विचारत होता."

लग्नात, मयतात किंवा दंतवैद्याच्या खुर्चीतसुद्धा जो कधी गप्प बसला नव्हता, तो वॅटी चांगला वेळ गप्प राहिला.

"गाढवा," शेवटी तो म्हणाला, "काल हेच सांगितलं असतंस तर मी त्या क्रॉफर्डच्या तोंडात नकाशा कोंबला असता. चर्चला काय, टाय लागेल का?"

"काळा."

"आहे एक. आणि तू किती जणांचे सांगितलेस त्याला?"

"चौघांचे. तो धरून पाच."

"मूर्ख आहेस! टॅम एकटा दोघांचं खातो. तो भला माणूस एवढ्या वर्षांनी पान मांडणार आणि त्याच्या घरी बटाटे कमी पडणार? लाव फोन परत. लाव आधी!"

नॉर्मनने फोन ठेवला आणि पुन्हा उचलला. बेटावरच्या घरचा तो जुना नंबर त्याने कुठे लिहून ठेवलेला नव्हता. बोटांनी आपसूक फिरवला. एकच घंटा वाजली आणि पलीकडून फोन उचलला, जणू कुणी तिथेच बसून होतं.

"मर्डो," तो म्हणाला, "सहांचे सोल."