कोरड्या नदीकाठचं रडणं

जून सरत आला तरी दोल्नो ब्रेस्तोवोवर पाऊस नव्हता. टोमॅटोची रोपं माना टाकून पडली, नदीचं पात्र गुरं चालत ओलांडू लागली. तेव्हा म्हाताऱ्या राडाने गावातल्या बायकांना निरोप धाडला, "यंदा गेर्मानला पुरायलाच हवं."

गेर्मान म्हणजे चिखलाचा माणूस. पावसावाचून मेला म्हणून त्याच्यासाठी रडायचं आणि त्याला नदीकाठी गाडायचं. पण त्याला उचलून न्यायला बिनलग्नाची मुलगी लागते, आणि गावातल्या साऱ्या मुली पोटापाण्यासाठी सोफियाला नाहीतर स्पेनला गेलेल्या.

"तुझ्याकडची पोर्तुगीज आहे की," राडा तिच्याच वयाच्या स्तोयनाला म्हणाली.

ती पोर्तुगीज म्हणजे इनेश. बंद पडलेली शाळा रंगवायला आणि सुट्टीत मुलांना शिकवायला ती स्वयंसेवक म्हणून आली होती, राहायला स्तोयनाकडे. भाषा म्हणाल तर भाकरी, पाणी, आभार आणि आणखी चार मोडके शब्द, एवढीच.

"तिला काय कळणार त्यातलं?" स्तोयना म्हणाली.

"नवरा नाही ना? मग झालं तर!"

दुपारी अंगणात बायका चिखल मळायला बसल्या. राडाने गेर्मानला पुरुषाचं अंग लावलं ते चांगलंच दांडगं लावलं.

"अगं, एवढं कशाला?"

"मेलाय बिचारा. आता तरी काही कमी पडायला नको."

इनेशला न सांगताच कळलं. ती हसून हसून लाल झाली. मग कौलावर फुलं पसरून त्याला निजवलं, उशाशी मेणबत्ती लावली, आणि बायका एकदम गप्प झाल्या. यापुढे हसायचं नसतं.

काठावर सगळ्या अर्धगोल करून बसल्या. नदीकडे पाठ करून, कौल मांडीवर घेऊन इनेश त्यांच्यासमोर बसली. राडाने सूर धरला, "गेर्मान मेला गं, पावसावाचून मेला..." बाकीच्यांनी साथ दिली. इनेश नुसती गुणगुणत होती. गुणगुणता गुणगुणता तिच्या तोंडून शब्द येऊ लागले.

"म्लादेन, माझ्या लेकरा, सदरा ओला झाला रे तुझा. कोण बदलील तो? मी दाराला कडी नाही लावली, म्लादेन..."

स्वच्छ, जुन्या वळणाची गावची बोली. राडाचा सूर तुटला. एकेक करून सगळ्या थांबल्या. इनेश मात्र डोळे मिटून, डोलत रडत राहिली.

म्लादेन स्तोयनाचा थोरला भाऊ. ती लहान असताना पुरात वाहून गेला, सापडलाच नाही. आईने त्याच्यासाठी कधी टिपूस गाळलं नाही. कुणी सांत्वनाला आलं की म्हणायची, "मेलाय कुठे? येईल." दाराची कडी न लावताच ती म्हातारी झाली आणि तशीच गेली.

स्तोयनाला उठावंसं वाटलं, पण आईचं रडणं मध्येच कसं तोडायचं? ती बसून राहिली. इनेश आपणहून थांबली तेव्हा स्तोयनाने कौल उचललं, खड्ड्यात ठेवलं आणि हातांनी माती लोटली.

घरी इनेशने खाणाखुणा करत, मोडकंतोडकं विचारलं, "आजी, नीट म्हटलं ना मी?"

"तुला कुणी शिकवलं, पोरी?"

"ती बाई. माझ्या मागे बसलेली. ती कानात सांगत होती, मी तसं म्हटलं."

"मागे तर नदी होती."

"हो. ओले होते हात तिचे." इनेशने खांदा चोळला. "कोण ती?"

स्तोयनाने उठून गहू भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी म्लादेनच्या नावाने, पहिल्यांदाच, गावात मेलेल्यांचे गोड गहू वाटले गेले. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत नाव वाचलं तेव्हा राडा डोक्यावरच्या रुमालाआड ढसाढसा रडली. लहानपणी तिला म्लादेनशीच लग्न करायचं होतं. संध्याकाळी पाऊस आला आणि चार दिवस हटला नाही. गेर्मानला पुरलेली जागाही पाण्याखाली गेली.

स्तोयना त्या दिवसांत शांत झोपली. इनेश ऑगस्टअखेर गेली. तोवर तिने शाळा रंगवून पुरी केली, फक्त नदीच्या बाजूची भिंत सोडून. ती रंगवायची तर नदीकडे पाठ करून उभं राहावं लागत होतं.