पिवळा रंग

सुआमेच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जुन्या गिअरबॉक्सची वॉरंटी कागदावर नसते. विकणारा बोल्टांच्या डोक्यांवर रंगाचा फटकारा मारतो आणि वॉरंटीचे दिवस तोंडी सांगतो. रंग शाबूत असला तर माल बदलून मिळतो. रंग गेला की कोणीतरी माल उघडला असं धरतात, आणि मग कोणी काही ऐकून घेत नाही.

डांक्वाच्या टॅक्सीतला गिअरबॉक्स सहाव्या दिवशी गेला. तिसरा गिअर पडेना, आतून नुसता खडखडाट. वॉरंटी सात दिवसांची होती. डांक्वाने साठी ओलांडली होती आणि दुसरा गिअरबॉक्स घेण्याची त्याची ऐपत नव्हती. हा बदलून मिळाला नाही तर गाडी भंगारात जाणार, असं बायकोला सांगूनच तो निघाला.

गिअरबॉक्स बसवणारा मास्टर अजेकुम त्याचा चाळीस वर्षांचा मित्र. दोघांनी तो खाली काढला, हातगाडीवर घातला आणि जिच्याकडून घेतला त्या बोआतेमाच्या दुकानी नेला.

ती मक्याच्या पिठाचं केंके खात बसली होती. हात धुऊन उठली, वाकून गिअरबॉक्स चारी बाजूंनी पाहिला.

"मामा, माझा पिवळा रंग कुठाय?"

"कसला रंग?" अजेकुम गुरकावला. "मारायला विसरलीस, आता आमच्यावर ढकल!"

"तुमच्या मित्रासमोर मारलाय. विचारा त्यांना."

डांक्वाला आठवत होतं. चार बोल्ट, चार फटकारे, हळदीसारखे पिवळे.

"अगं, बसवण्याआधी मी स्वतः पेट्रोलने घासून पुसलाय," अजेकुम म्हणाला. "इंच न् इंच बघून. चिखल होता, ग्रीस होतं. रंग असता तर मला दिसला नसता?"

त्या दिवशी अजेकुमच्या हातातलं फडकं पिवळं झालेलं डांक्वाने पाहिलं होतं. जुनं ग्रीस असेल, असं तेव्हा वाटलं होतं. बोल्टही अजेकुमने चाचपून लावले होते, पाना तीनदा हुकला तेव्हा शिवी पान्याला घातली होती. वर्षभर तो रस्त्यात हाक मारल्याशिवाय ओळख देत नव्हता. मास्टर शिष्ट झालाय, असं डांक्वा बायकोला म्हणालाही होता.

"भांडण कशाला?" बोआतेमा म्हणाली. "बाजार संघाच्या अध्यक्षांकडे चला. रंग मेकॅनिकने पुसला असेल तर गिअरबॉक्स मेकॅनिक भरून देईल. नियमच आहे."

"चल की! मी काय भितो?"

म्हणजे डांक्वाला गिअरबॉक्स मिळणार होता. फक्त फडक्याचं सांगायचं होतं. मग अध्यक्ष अजेकुमला विचारणार, एवढा रंग दिसला कसा नाही? आणि डोळे गेलेल्या मेकॅनिककडे सुआमेत कोणी सायकलसुद्धा देत नाही.

"अध्यक्ष नकोत," डांक्वा म्हणाला. "मी पुसला."

दोघंही त्याच्याकडे वळली.

"तू?" अजेकुम म्हणाला.

"तू जेवायला गेला होतास. म्हटलं, तेवढाच हातभार लावू."

बोआतेमाने एकदा अजेकुमकडे पाहिलं, मग डांक्वाकडे. "मामा, बघा हं. यावर मग मला काही देता येणार नाही."

"माहितेय, पोरी."

हातगाडी वळवताना अजेकुमचा पारा चढला. "अरे गाढवा, जन्म गाडीत गेला तुझा! मला त्या पोरीशी भांडायला लावलंस. एवढा पिवळा धमक रंग, दिसला नाही तुला?"

"नाही दिसला."

"आता खाणार काय?"

शिव्या देतच अजेकुम गाडी ढकलू लागला. रस्ता खड्ड्यांचा होता. डांक्वा पुढे झाला आणि हातगाडीची कड धरून, तोल सांभाळल्यासारखं दाखवत, तिला खड्ड्यांच्या बाजूने नेऊ लागला.